इराच्या हातावरचं पाकीट

भाड्याच्या घराच्या एजंट बाईंचा फोन सोमवारी आला तेव्हा मी बागेत इराला झोके देत होते. एका हाताने झोका, दुसऱ्या हातात फोन.

"विनया, तुमचा अर्ज मालकांना आवडलाय," त्या म्हणाल्या, आणि पुढे जरा थांबल्या. तेवढ्यावरून मला कळलं की काहीतरी आहे. "फक्त क्रेडिट चेकमध्ये तुझ्या नावावर एक डिफॉल्ट दिसतंय. मेडिकल बिल. पाचशे सत्त्याऐंशी डॉलर, दोन वर्षांपासून थकलेलं. आम्हाला शुक्रवारी बारापर्यंत तुझं म्हणणं लेखी हवंय. अजून दोन अर्ज आहेत, म्हणून सांगते."

"हायर, मम्मा! हायर!"

"काहीतरी चूक असेल," मी म्हटलं.

"असेलही," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "म्हणूनच तर विचारतेय."

त्या घरासाठी मी किती जीव टाकला होता ते मलाच ठाऊक. आमच्या आत्ताच्या घराचे मालक घर विकतायत, महिनाअखेरीस आम्हाला निघायचंय. आमच्या अप्पर हट गावात घरं मिळत नाहीत असं नाही, पण मला गाडी येत नाही. श्रीनाथ, माझा नवरा, दक्षिण बेटावर एका धरणाच्या कामावर असतो. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. उरलेल्या तीन आठवड्यांत मी, इरा आणि प्रॅम. हे घर स्टेशनापासून प्रॅमने सहा मिनिटांवर होतं, किंडी, म्हणजे बालवाडी, कोपऱ्यावर, आणि स्वयंपाकघरात सकाळचं ऊन. बघायला गेलो तेव्हा इरा त्या उन्हाच्या चौकोनात जाऊन बसली होती आणि उठायलाच तयार नव्हती.

त्याच्या जेवणाच्या सुट्टीत श्रीनाथला फोन लावला.

"तू काही हप्त्यावर घेतलं होतंस का? प्रॅम वगैरे?"

"मेडिकल म्हणतायत त्या, श्रीनाथ. प्रॅम मेडिकल कशी असेल?"

"मग डिलिव्हरीचं काही?"

"डिलिव्हरीला आपल्याला एक डॉलर लागला नव्हता. होतास की तिथे."

"मग आपोआप कसं येईल?" मागे कुठलंसं यंत्र धडधडत होतं. "हे बघ, मी संशय घेत नाहीये. पण..."

ते 'पण' त्याने पुरं केलं नाही. तो ते तिथेच ठेवून गेला आणि मी दोन दिवस त्याच्या आजूबाजूने झाडू मारत राहिले.

क्रेडिट रिपोर्ट मागवला, तो बुधवारी सकाळी ईमेलने आला. एवढुसा. माझं नाव, जन्मतारीख, जुना पत्ता, जुना मोबाइल नंबर, आणि खाली ती ओळ. वसुली कंपनीचं नाव, मूळ देणं कुठल्या क्लिनिकचं ते, आणि तारीख. पंधरा जुलै.

पंधरा जुलैला इरा पंचवीस दिवसांची होती. मी तेव्हा घराबाहेर पाऊलही टाकलं नव्हतं. सिझेरियनचे टाके ओढत सोफ्यापासून बाथरूमपर्यंत जाणं हाच माझा प्रवास.

इरा झोपली तशी वसुली कंपनीला फोन लावला. भांडायची सगळी वाक्यं मनात जुळवून ठेवली होती.

"किया ओरा, नाइरी बोलतेय."

त्या माओरी नमस्कारातला आवाज इतका ऊबदार की माझी वाक्यं विस्कटली. संदर्भ क्रमांक दिला, घराची आणि शुक्रवारची अडचणही सांगितली. तिकडे कीबोर्ड वाजला.

"अकाउंट तुझ्या नावावर आहे, कारण त्या क्लिनिकमध्ये तुझी नोंद होती. पण पेशंट तू नाहीस. पेशंट आहे शांटा... घाल... सॉरी लव्ह, हे मला काही म्हणता येत नाही."

"घळसासी," मी म्हटलं. "शांता घळसासी. माझी आई."

"दोनदा आल्या होत्या. पंधरा जुलै आणि बावीस जुलै. व्हिजिटर व्हिसा, म्हणून पूर्ण फी. चारशे बारा. वरचे आमचे आणि व्याजाचे. पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहिली बहुतेक."

"कशासाठी आली होती?"

"ते माझ्याकडे नसतं." मग तिनेच आवाज खाली आणला. "ऐक. या कागदावर तुझी सही नाहीये. मी एक फॉर्म पाठवते. तो भरलास तर हे तुझ्या नावावरून निघेल. क्लीन. उद्या-परवात."

"आणि मग?"

"मग ते पेशंटच्या नावावर जाईल."

फॉर्म लगेच आला. एकच पान. खाली सहीच्या वर छापलेलं: मी या सेवेसाठी संमती दिलेली नाही आणि या खर्चाशी माझा काहीही संबंध नाही.

खोटं नव्हतंच त्यात काही. नाव टाकायचं, तारीख टाकायची, की घर आमचं. आई नाशिकला, तिला इथल्या कुठल्या डिफॉल्टचं काय होतं? मी नाव लिहिलंसुद्धा. मग तारखेपाशी थांबले, कारण पुन्हा पंधरा जुलै आठवला. त्या दिवसांचं मी सहसा काही आठवू देत नाही.

आई माझ्या बाळंतपणाला आली होती. नाशिकहून मुंबई, मुंबईहून सिंगापूर, तिथून इथे. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेली बाई, हाताशी डिंक, अळीव, शेपा आणि इंग्रजीत लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन. पहिले तीन आठवडे तिने इराला जमिनीवर ठेवलं नाही. पायांवर घेऊन न्हाऊमाखू घालायची, हीट पंपसमोर शेकवायची, तिच्याशी एकटीच गप्पा मारायची. आणि मग एक दिवस सगळं थांबलं.

"कंबर धरलीय गं," म्हणाली. उशी-पांघरूण उचलून बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपायला गेली. स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, पण इराला हात लावायची नाही. मी रडत्या पोरीला घेऊन येरझारा घालायचे आणि आई स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी. नुसती बघत. दुपारी मात्र "जरा चालून येते" म्हणून भुरभुर पावसात बाहेर पडायची. मला वाटायचं, नातीला घ्यायला कंबर दुखते, आणि चालायला दुखत नाही.

एकदा इरा तासभर रडत होती. श्रीनाथ कामावर. माझ्या टाक्यांतून आग निघत होती. मी म्हटलं, "बघतेस काय नुसती? मग आलीस कशाला एवढ्या लांब?"

ती वळली आणि मघाशीच धुतलेल्या बाटल्या पुन्हा धुवायला लागली.

दहा-बारा दिवसांनी ती हात पुढे करून आली. "आण इकडे माझ्या सोन्याला."

"राहू दे," मी म्हटलं. "तुझी कंबर दुखेल."

सप्टेंबरात ती परत जाईपर्यंत आम्ही दोघी दोन परक्या बायकांसारख्या नीट वागलो. विमानतळावर इरा माझ्या पोटाशी बांधलेल्या झोळीत होती. आईने पर्समधून आहेराचं पाकीट काढलं, पिवळं, गणपतीवालं, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं, आणि ते इराच्या मुठीत दिलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरी गेल्यावर बघ." मी "हो" म्हटलं.

घरी येऊन ते देवाजवळच्या बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. बारशाची पाकिटं त्यातच होती. बाळाच्या हातावर कुणी पैसे ठेवले की ते मोडायचे नाहीत, देवापुढे ठेवून बाजूला टाकायचे, हे मला आईनेच शिकवलेलं. बाकीची पाकिटं मी केव्हातरी उघडून कुणी काय दिलं ते लिहून ठेवलं होतं. आईचं तेवढं उघडलं नाही. तिने काय दिलंय ते बघायचीसुद्धा मला तेव्हा इच्छा नव्हती. नंतर घर बदललं, डबा बदलला नाही.

दुपारचे अडीच. नाशिकला सकाळचे सात. आई चहा करत असणार.

"आज बुधवारी कसा फोन? इरा बरी आहे ना?"

"बरी आहे. झोपलीय. आई, तू इथे असताना दवाखान्यात गेली होतीस?"

तिकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"आत्ता विचारतेस?"

"आत्ता कळलं मला."

"आत्ता कसं कळेल? तुला सगळं लिहून दिलंय मी. पैशांसकट."

"कधी?"

"निघताना. इराच्या हातावर पाकीट नाही का ठेवलं?"

"ते आहेराचं होतं ना, आई?"

"पाकीट आहेराचं होतं. तिथे दुसरं कुठलं असणार माझ्याकडे? आत बिल होतं." मग तिचा आवाज बदलला. "तू उघडलं नाहीस?"

"बाळाच्या हातावरचे पैसे मोडायचे नसतात, असं तूच..."

"मोडायचे नसतात. बघायचेसुद्धा नसतात असं कधी म्हटलं मी?"

बेल वाजली तिकडे. "दूधवाला आलाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. परत केला नाही.

डबा काढला. नाणं अजून चिकटलेलं होतं. कडेने हळू उघडलं, जसं कुणी झोपलेलं असावं आत. चारशे वीस डॉलरच्या नोटा, घडी घातलेलं क्लिनिकचं बिल, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं एक फाडलेलं पान. मागच्या कोऱ्या बाजूवर आईचं बारीक अक्षर.

"विनू,

सांगीन सांगीन म्हणत राहिलं. मला इथे नागीण झाली. डाव्या बाजूला, पाठीवरून पुढे छातीपर्यंत. आधी वाटलं काहीतरी चावलं. शेजारच्या पॅटबाई कपडे वाळत घालत होत्या, त्यांना कुंपणापाशी कुर्ता वर करून दाखवलं. त्यांनीच गाडीत घालून नेलं. कागदावर तुझं नाव त्यांनीच सांगितलं, मला तिथलं काही कळेना. डॉक्टरीणबाईंनी खुणेने समजावलं की खपल्या धरेपर्यंत बाळाला घ्यायचं नाही, जवळ जायचं नाही. तू ओली बाळंतीण. तुला सांगितलं असतं तर धसका घेतला असतास, दूध आटलं असतं. म्हणून कंबरेचं नाव केलं. इरा रडायची तेव्हा मी हाताची घडी घालून उभी राहायचे, कारण सोडली असती तर हात पुढे गेले असते.

पैसे माझ्या पेन्शनीतले आहेत. बिल तेवढं भर. आणि मी पोचले की फोन करशील तेव्हा मला विचार. तू विचारलंस की सगळं सांगेन. आपणहून बोलवत नाही.

आई"

मी ते पान घेऊन जमिनीवरच बसले. दर रविवारी मी आईला फोन करते. चुकवत नाही. हवा, इराचे दात, श्रीनाथची सुट्टी, मामांची बायपास. आणि दर रविवारी शेवटी आई जरा थांबते आणि विचारते, "अजून काही?" मी म्हणते, "नाही गं, ठेवते." सव्वादोन वर्षं. मी ते तिचं फोन ठेवायचं वळण समजत होते.

तिला वाटत होतं की मी वाचलंय. वाचून, बिल भरून, गप्प बसलेय.

इरा उठली आणि दारात येऊन उभी राहिली. केस कपाळाला चिकटलेले, हातात तिच्या कापडी सशाचा कान.

"मम्मा सॅड?"

"नाही गं राणी."

"यू आर लीकिंग," ती म्हणाली, आणि सशाच्या कानाने माझं तोंड पुसलं.

संध्याकाळी त्या पानाचा आणि फॉर्मचा फोटो श्रीनाथला पाठवला. वर काही लिहिलं नाही. तासाभराने उत्तर आलं: "आईंना मी फोन करू का?" मी लिहिलं, "आधी मी." मग पुन्हा त्याचं आलं: "सोमवारचं सॉरी." आणि लगेच, अगदी त्याच्यासारखं: "फॉर्म पाठवलास ना?"

फॉर्म उघडाच होता. माझं नाव भरलेलं, तारीख कोरी. मी तो परत वाचला. या खर्चाशी माझा काहीही संबंध नाही. त्या वाक्याखाली मी सही करायची, आणि मग हेच देणं शांता घळसासी या नावापुढे जाऊन बसायचं, सव्वादोन वर्षं थकवलं असं म्हणून. डिसेंबरात ती पुन्हा व्हिसाला अर्ज करणार आहे. त्याने काही अडेल की नाही ते मला ठाऊक नाही. पण अडलं नसतं तरी तो कागद तिच्या नावाचा झाला असता. आलीस कशाला असं माझं एकदा म्हणून झालं होतं. आता तेच इंग्रजीत, सही करून.

गुरुवारी सकाळी इराला सफरचंदाच्या फोडी देऊन टीव्हीसमोर बसवलं आणि नाइरीला फोन केला.

"फॉर्म मिळाला का, लव्ह?"

"मिळाला. पण मी तो पाठवणार नाही. ते बिल माझंच आहे."

"तुझी सही नाहीये त्यावर."

"ती माझ्यासाठी आली होती," मी म्हटलं. "माझ्या बाळंतपणाला. बिल भरायला पैसेही ठेवून गेली होती. मीच पाकीट उघडलं नाही."

नाइरी म्हणाली, "मला सांगायलाच हवं तुला. तू आज भरलंस तरी हे पुसलं जाणार नाही. पेड असं दिसेल, पण दिसत राहील. अजून काही वर्षं."

"दिसू दे."

"घराचं काय? तू कालच म्हणालीस ना..."

"हो," मी म्हटलं, आणि कार्डाचा नंबर सांगायला लागले. मधेच इरा सफरचंदाची उष्टी फोड माझ्या तोंडात कोंबून गेली, त्यामुळे शेवटचे चार आकडे दोनदा सांगावे लागले. पावती आली. वर नाइरीने एक ओळ स्वतःची लिहिली होती: तुझ्या मॉमना माझा अरोहा, माझं प्रेम, सांग.

एजंट बाईंना खरं ते लिहिलं. देणं माझ्या आईच्या औषधपाण्याचं होतं, मला उशिरा कळलं, आज भरलंय, पावती सोबत. नोंद मात्र माझ्या नावावर राहील. चार ओळींचं पत्र, पण लिहायला तासभर लागला, कारण मधे शी, मधे दूध, मधे हरवलेला ससा.

शुक्रवारी बाराला पाच मिनिटं कमी असताना उत्तर आलं. माझ्या प्रामाणिकपणाबद्दल आभार, मालकांनी दुसऱ्या कुटुंबाला पसंती दिली, पुढच्या शोधासाठी शुभेच्छा. मी ते दोनदा वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

श्रीनाथला सांगितलं.

"पुसता येत होतं, आणि तू पुसलं नाहीस?"

"नाही."

मागे यंत्र धडधडत होतं. मी 'पण'ची वाट बघत होते.

"बरं," तो म्हणाला. "मग तुझं लायसन्स काढू आता. टेकडीजवळचं ते दुसरं छोटं घर बघू."

त्या घरापासून स्टेशन प्रॅमने चाळीस मिनिटं. ऊन दुपारी तीननंतर. मला पहिल्या घराच्या स्वयंपाकघरातला उन्हाचा चौकोन आठवला आणि खूप वाईट वाटलं. हे मी श्रीनाथला सांगितलं नाही.

मग अडीच वाजले. आईने पहिल्या रिंगलाच उचललं, आणि दोघी एकदमच काहीतरी बोललो आणि एकदमच थांबलो.

"तू बोल," ती म्हणाली.

मी बुधवारपासून एकच वाक्य तोंडात धरून होते. तरी ते बाहेर यायला वेळ लागला.

"आता दुखतं का गं?"

"काय?"

"डावीकडे. पाठीवरून पुढे."

फोनवर पंख्याची घरघर ऐकू येत होती. मला वाटलं, पुन्हा दूधवाला येणार.

"थंडीत दुखतं," आई म्हणाली. "खपल्या गेल्या, पण आतली ठसठस काही गेली नाही. ब्लाउजची शिवण लागली की आग होते. म्हणून आता घरी गाऊनच घालते. बाहेर जायचं म्हटलं की नको वाटतं. आपल्या विद्याच्या मुलीच्या लग्नाला गेले नाही मी, तर तू म्हणालीस आळस करतेस."

"म्हणाले होते."

"डॉक्टर म्हणतात, राहील असंच काही वर्षं. गोळी देतात, तिने झोप येते नुसती." तिने श्वास घेतला. "मला वाटलं, तू वाचलंस, आणि तुला राग आला असेल. मी लपवलं म्हणून."

"मला वाटलं, तुला इराला घ्यायचंच नाहीये."

"येडी आहेस," आई म्हणाली. इरा माझ्या मांडीवर चढून फोनशी तोंड नेऊन म्हणाली, "आजी, यू गॉट अ सोअर?"

"काय म्हणतेय ती?"

"विचारतेय, तुला बाऊ झालाय का."

"हो गं सोन्या, झालाय." मग आईने तिला सगळं मराठीत पहिल्यापासून सांगितलं. पॅटबाई, कुंपण, गाडी, डॉक्टरीणबाईंच्या खुणा. इरा अधूनमधून "ओह नो" म्हणत होती आणि ऐकत होती. मी फोन धरून बसले होते. हात अवघडला तरी बदलला नाही.

"आणि त्या नोटा?" आईला मधेच आठवलं. "त्या तशाच आहेत?"

"तशाच. नाण्यासकट."

"मग त्या आता इराच्या. मोडू नकोस."

अर्धा तास झाला. इरा कंटाळून सशाला जँडल्स, तिच्या रबरी चपला, घालायला गेली. आई थांबली, आणि सवयीने म्हणाली, "अजून काही?"

"हो," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी दवाखान्यातून परत आलीस तेव्हा मी काय करत होते? तू दार उघडून आत आलीस तेव्हा. मला काहीच आठवत नाही."

"थांब," आई म्हणाली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "बसून सांगते."